चिंचोके, काड्या आणि इडलीपात्र: पहिली-दुसरीचं गणित घरी हाताने कसं शिकवायचं

माझी लेक सिनिअर केजीत होती तेव्हा शंभरपर्यंत आकडे एका दमात म्हणायची, पाहुणे आले की म्हणून दाखवायची आणि आम्हाला वाटायचं हिचं गणित छान आहे. एकदा जेवायच्या वेळी तिला म्हटलं आठ वाट्या आण गं, तर ती सहाच घेऊन आली. मोजून दाखव म्हटलं तर दोन वाट्यांवर दोन-दोन आकडे म्हणून ती बरोब्बर आठवर पोचली आणि म्हणाली, झाल्या की आठ! तेव्हा लक्षात आलं की तिला आकड्यांचं गाणं येतंय, आकडा म्हणजे किती हे अजून हाताला कळलेलं नाही.

तिथून मी वर्कशीट बाजूला ठेवली आणि वस्तू घेऊन बसायला लागले. आता ती तिसरीत आहे, धाकटा पहिलीत आहे, आणि सोसायटीतली दोन-तीन मुलंही संध्याकाळी येऊन बसतात. ह्या सगळ्यांबरोबर जे केलं, कुठे अडलं, काय लवकर केलं म्हणून फसलं, ते सगळं क्रमाने लिहितेय. साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण वयापेक्षा मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघा, दुसरीतलं मूल पहिल्या पायरीवर अडकलेलं असेल तर तिथूनच सुरू करा, त्यात कमीपणा काही नाही.

साहित्य काय लागतं

दुकानात सुंदर लाकडी किट मिळतात, परवडत असेल तर घ्या, पण अडून काही राहत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ पासून डहाणू तालुक्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतंच, त्यांनी आणि अनुताई वाघांनी खडे, शिंपले, बिया असं आसपास मिळणारं वापरून मुलांना शिकवलं. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे.

मी जमवलं ते असं: शंभर-सव्वाशे चिंचोके, धुऊन वाळवलेले. आइस्क्रीमच्या दीडशे काड्या, स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळतं, नसेल तर खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापा आणि टोकं घासून घ्या. वीसेक रबरबँड. दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी आणि जाड दोरा. दोन फासे, कपड्याचे चिमटे, जुन्या लग्नपत्रिका (जाड पुठ्ठा असतो, कार्ड करायला एकदम मस्त) आणि एक झाकणाचा डबा. बस.

एक काळजी मात्र नक्की घ्या. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके-मणी त्याच्या हाताला लागता कामा नयेत, घशात अडकतात, नाकात घालतात. काही जण राजमा वापरतात, मी नाही वापरत, कारण कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. काम झालं की मोजून डब्यात, आणि हे मोजणं मुलालाच करू द्या, तोही सरावच आहे.

पायरी पहिली: खरं मोजणं

ह्यात तीन गोष्टी असतात आणि आपल्याला मोठ्यांना त्या इतक्या सवयीच्या झाल्यात की वेगळ्या दिसतच नाहीत. एका वस्तूला एकच आकडा. कुठलीही वस्तू सुटायची नाही. आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तितके. हे तिसरं तपासायचं असेल तर मुलाला सात चिंचोके मोजायला सांगा आणि लगेच विचारा, किती आहेत? मूल परत एकपासून मोजायला लागलं तर समजा की 'सात' हे त्याच्यासाठी फक्त शेवटच्या चिंचोक्याचं नाव आहे.

करायचं काय, तर मोजताना वस्तू सरकवायची. डावीकडून उचलून उजवीकडच्या ताटात टाकायची, टाकताना आकडा म्हणायचा. बोट दाखवून मोजण्यापेक्षा हे खूप सोपं जातं कारण मोजलेलं आणि राहिलेलं वेगवेगळं दिसतं. मग घरातली कामं द्या, पाच कांदे काढून दे, प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन पुऱ्या वाढ, जिन्याच्या पायऱ्या मोज, शेंगा सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले ते सांग.

नंतर हा प्रयोग करा. आठ चिंचोके जवळजवळ मांडा, मुलाने मोजले की त्याच्यासमोरच ते लांब-लांब पसरवा आणि विचारा आता किती झाले? बरीच लहान मुलं म्हणतात जास्त झाले. चूक सांगू नका, परत मोजू द्या, परत जवळ आणा, परत पसरवा. हे सांगून समजत नाही, पाच-सहा वेळा स्वतः बघितलं की एक दिवस ते मूल आपल्याकडे 'हे काय विचारतेस' असं बघतं, म्हणजे झालं.

न मोजता ओळखणं पण इथेच घ्या. फाशावरचे पाच ठिपके आपण मोजत नाही, दिसतातच. मूठभर चिंचोक्यांतले तीन-चार ताटलीत ठेवून वर फडका टाका, दोन सेकंद फडका उचला आणि परत झाका, किती होते? पाचपर्यंत हे पटापट यायला लागलं की पुढची बेरीज अर्धी सोपी झालेली असते. सापशिडी खेळाच, पण त्याहून मला चौकाबारा आवडतो, काही ठिकाणी अष्टाचंगा म्हणतात. चार कवड्या नसतील तर चिंचोके फोडून अर्धे करायचे, एक बाजू पांढरी एक काळी. जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं पुढे, आणि सगळ्या काळ्या पडल्या तर आठ, आमच्याकडे तरी असंच खेळतात. खेळताना मूल न सांगता मोजत असतं आणि आजी-आजोबाही बसतात खेळायला.

शून्य विसरू नका. रिकामी वाटी ठेवून 'ह्यात किती?' विचारलं की 'काहीच नाही' येतं, त्या 'काहीच नाही'लाच शून्य म्हणायचं हे इथे एकदा सांगून टाका, पुढे दशकात ते कामाला येतं.

पायरी दुसरी: दहाच्या जोड्या

लग्नपत्रिकेच्या मागे वर पाच, खाली पाच अशी दहा घरं आखा. ही दहाची चौकट. सात चिंचोके ठेवायचे, आधी वरची ओळ भरायची मग खालची. आता बघा, मुलाला एकाच नजरेत दिसतं की सात म्हणजे पाच आणि दोन, आणि दहाला तीन कमी. रोज पाच मिनिटं एवढंच विचारायचं, किती आहेत आणि किती रिकामी आहेत.

दुसरा खेळ मुठीचा. दहा चिंचोके मोजून घ्यायचे, काही उजव्या मुठीत काही डाव्या. एक मूठ उघडायची, सहा दिसले, मग बंद मुठीत किती? आधी पाचने खेळा, मग सहा, सात करत दहापर्यंत या. माझ्या मुलाला दहाच्या सगळ्या जोड्या अशा तोंडी यायला साधारण दीड महिना लागला आणि मी मध्येच कंटाळून पुढे गेले होते, ते चुकलं, कारण पुढे आठ अधिक पाच आलं की त्याला परत सगळं बोटांवर मोजावं लागायचं. परत मागे येऊन मूठच खेळलो.

आठ अधिक पाच चौकटीवर असं करायचं: चौकटीत आठ चिंचोके, बाहेर पाच. दोन घरं रिकामी आहेत ना, मग बाहेरच्या पाचातले दोन आत. चौकट भरली म्हणजे दहा, बाहेर उरले तीन, तेरा. हे हाताने तीस-चाळीस वेळा होऊ द्या, वेगवेगळे आकडे घेऊन. बोटांवर मोजतंय म्हणून ओरडू नका, बोटंही साहित्यच आहे आणि ते घरी विसरत नाही.

पायरी तिसरी: एकक-दशक, आणि मराठी आकड्यांची गाठ

इथे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण मुलं इथेच अडतात आणि आपण 'लक्ष नाही तुझं' म्हणून मोकळे होतो.

माझी लेक पंचवीस ऐकून ५२ लिहायची. सत्तावीस म्हटलं की ७२. मला आधी वाटलं हिला उलटं दिसतंय की काय. मग नीट ऐकलं स्वतःचंच बोलणं. पंच-वीस. आपण आधी पाच बोलतो आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. मूल जे ऐकतंय ते त्याच क्रमाने लिहितंय, त्याचा कान बरोबर आहे! त्यात अकरा, बारा, तेरा ह्यात तर दहा ऐकूच येत नाही. आणि पुढे त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव, तीनचं रूप मध्येच बदलतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना थर्टीन आणि थर्टीचा घोळ असतो पण वीसच्या पुढे ट्वेंटी फाइव्ह सरळ जातं, आणि मग घरी आजी पंचवीस म्हणाली की ते मूल गोंधळतं. सेमी-इंग्लिशवाल्यांना दोन्हीकडून.

ह्यावरून २०१९ साली केवढा वाद झाला होता आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबरच 'वीस एक' अशीही वाचायची पद्धत दिली होती, मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि लोक म्हणाले मराठी बिघडवताय. मला विचाराल तर घरी शिकवताना दोन्ही वापरा. 'वीस पाच' हे मुलाला काड्या दिसतात तसं बोलणं आहे आणि 'पंचवीस' हे त्याचं नाव आहे. आमच्या घरी काही महिने 'वीस पाच, पंचवीस' असं जोडीने म्हणत होतो, मग आपोआप पहिलं गळून पडलं आणि मराठीला काही झालं नाही.

आता करायचं कसं.

काड्यांचा ढीग टाका, चाळीस-पन्नासच्या आसपास, नेमक्या किती ते तुम्हीही मोजू नका. मुलाला म्हणा मोज. पंधरा-वीसच्या पुढे कधीतरी चुकतं, मध्येच फोन वाजला किंवा भावाने हाक मारली की परत एकपासून. दोनदा असं झालं की सांगा, दहा-दहाची बंडलं बांधूया का, म्हणजे विसरायला होणार नाही. बंडल कशासाठी ते मुलाला इथे कळतं, त्याची गरज त्याला पडलेली असते. बंडल मुलानेच बांधायचं, आणि फेव्हिकॉलने कधीच चिकटवायचं नाही, कारण पुढे वजाबाकीत ते सोडायचं आहे.

एका कागदावर मध्ये रेघ मारून डावीकडे बंडलं आणि उजवीकडे सुट्या काड्या ठेवा. तीन बंडलं, चार सुट्या. म्हणायचं काय, तीस चार, चौतीस. आता कार्ड घ्या. पत्रिकेच्या लांब पट्ट्यांवर १०, २०, ३० असं ९० पर्यंत लिहा आणि अर्ध्या लांबीच्या पट्ट्यांवर १ ते ९. बंडलांखाली ३० चं कार्ड, सुट्यांखाली ४ चं. मग ४ चं कार्ड उचलून ३० च्या शून्यावर ठेवा. ३४ झालं. ते कार्ड परत उचलायचं, खाली शून्य आहे, परत ठेवायचं. माझ्या लेकीने हे पंधरा वेळा केलं असेल एकटीने, उचल-ठेव, उचल-ठेव. ३०४ लिहिणारी मुलंही ह्यातून सुधारतात कारण शून्य कुठे गेलं ते दिसतं.

आठवडाभर तीन प्रकारे उलटसुलट करा: तुम्ही काड्या ठेवा, त्याने आकडा लिहायचा, तुम्ही आकडा लिहा, त्याने काड्या मांडायच्या, तुम्ही नुसतं तोंडाने 'सदतीस' म्हणा, त्याने आधी काड्या मांडायच्या आणि मगच लिहायचं. ह्या तिसऱ्यात लिहायची घाई करू दिली की परत ७३ येतं. कानावर पडल्यावर हाताने मांडायला लागणारा जो वेळ आहे ना, त्या वेळात डोक्यात क्रम फिरतो.

आणि 'एकोण'. एकोणतीस म्हटलं की मुलाला तीस ऐकू येतं आणि ते ३९ लिहितं. तीन बंडलं ठेवा आणि एका बंडलातून एक काडी काढून घ्या. ही बघ, तीसला एक कमी, एक उणे तीस, एकोणतीस. १९ पासून ८९ पर्यंत असंच आहे, फक्त ९९ ला नव्व्याण्णव होतं. मला तर हे एकोण फार आवडतं, कारण त्यात पुढची युक्ती दडलेली आहे: २९ अधिक १५ करताना एक काडी तिकडून इकडे घेतली की ३० अधिक १४, झालं.

मण्यांची माळही ह्याच वेळी करा. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल असे शंभर मणी ओवा आणि दोन खुर्च्यांना ताणून बांधा. कपड्याचा चिमटा अडतीस मण्यांनंतर लाव म्हणायचं. सुरुवातीला मूल एक-एक मोजेल, मग रंग बघून दहा-वीस-तीस उड्या मारेल, आणि मग एक दिवस चाळीसला जाऊन दोन मणी मागे येईल. ते मागे येणं दिसलं की मी त्या दिवशी दुसरं काही घेत नाही.

नोटा-नाणी छान आहेत पण नंतर घ्या. दहाच्या नाण्यात दहा रुपये डोळ्यांना दिसत नाहीत, ते विश्वासावर मानायचं असतं. बंडलात दहा काड्या दिसतात. म्हणून आधी काड्या, मग माळ, मग पैसे, आणि पैशांनी दुकान-दुकान खेळलात की शंभरही आपोआप येतो, दहाच्या दहा नोटा दे आणि शंभरची एक घे.

पायरी चौथी: हातच्याची बेरीज, आणि वजाबाकी

३८ अधिक २५ घेऊ. वर तीन बंडलं आठ सुट्या, खाली दोन बंडलं पाच सुट्या. सगळ्या सुट्या एकत्र करा, तेरा झाल्या. दहा झाल्या की काय करतो आपण? रबरबँड! नवीन बंडल बांधलं, ते हाताने उचलून डावीकडे नेलं, तोच 'हातचा एक'. हा शब्दच बघा किती नेमका आहे, बंडल खरंच हातात असतं. तीन, दोन आणि हे एक, सहा बंडलं, तीन सुट्या, ६३.

पहिले आठ दिवस नुसत्या काड्या, वही नाही. नंतर दोघं शेजारी बसायचं, मूल काडी हलवतंय आणि जे घडलं तेच तुम्ही पाटीवर लिहिताय, तेरातले तीन इथे, एक वर. मग अदलाबदल, तुम्ही काड्या हलवा, त्याने लिहायचं. मग त्याने एकट्याने दोन्ही. मग काड्यांऐवजी वहीत चित्र, बंडलाला उभी रेघ आणि सुटीला ठिपका. चित्राची पायरी खूप जण गाळतात, थेट काड्यांवरून आकड्यांवर उडी मारतात आणि मग म्हणतात काड्यांशिवाय येत नाही. जेरोम ब्रूनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, आणि घरी करून बघितल्यावर मला तो शंभर टक्के पटला.

वजाबाकी, ४२ वजा १७. इथे खाली दुसरी संख्या मांडायची नाही, ही चूक मी केली होती! फक्त ४२ मांडायचे, चार बंडलं दोन सुट्या, आणि त्यातून १७ काढून द्यायचे. सात सुट्या दे म्हटलं तर दोनच आहेत. मग मूल स्वतःहून बंडलाकडे बघतं. सोड रबरबँड. आता तीन बंडलं, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या, एक बंडल दिलं, दोन उरली, २५. 'शेजाऱ्याकडून उसना घेतला' असं आपण शिकलो, पण माझ्या मुलाने विचारलं मग परत कधी द्यायचा? बरोबर आहे त्याचं. मी आता 'बंडल सोडलं' एवढंच म्हणते.

शाब्दिक उदाहरणांत वजाबाकी तीन रूपांनी येते, तिन्ही चिंचोक्यांनी करून दाखवा. डब्यात बारा लाडू होते, पाच खाल्ले, किती उरले. ताईकडे बारा, तुझ्याकडे पाच, ताईकडे कितीने जास्त: इथे काढून घ्यायचं काही नसतं, दोन रांगा समोरासमोर लावून जोड्या लावायच्या आणि बिनजोडीचे मोजायचे. आणि पाच आहेत, बारा हवेत, किती कमी पडतात. मुलं 'जास्त' शब्द वाचून धाडकन बेरीज करतात ती ह्या दुसऱ्या प्रकारात, तेव्हा रांगा लावणं सोडू नका.

बरोबरच्या चिन्हासाठी एक छोटीशी गोष्ट. हँगरच्या दोन टोकांना दोन सारख्या पिशव्या अडकवून तराजू करा, एकात आठ सारखी नाणी, दुसऱ्यात पाच आणि तीन. हँगर सरळ झाला की लिहा ८ = ५ + ३. मुलांना वाटत असतं की बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही', ते दोन्हीकडे सारखं असतं हे इथे दिसतं.

पायरी पाचवी: पाढे तोंडाने म्हणायच्या आधी डोळ्यांनी

पाढे पाठ करायच्या मी विरोधात नाही, उलट हवेतच. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीचचे पाढे) सगळं म्हणायचे आणि भाजीवाल्याचा हिशेब होईपर्यंत त्यांचा झालेला असायचा. पण 'बे चोक आठ' म्हणजे काय ते आधी दिसू दे.

इडलीपात्र काढा. आमच्याकडे चार ताटल्या आहेत, प्रत्येकीत चार इडल्या. एक ताटली चार, दोन ताटल्या आठ, तीन बारा, चार सोळा. रविवारी इडल्या झाल्या की चारचा पाढा झाला. अंड्यांचा ट्रे घ्या, पाच ओळींत सहा-सहा. आडवा धरला तर पाच वेळा सहा, फिरवला तर सहा वेळा पाच, अंडी तीसच. हे फिरवणं मुलाच्या हाताने होऊ दे, त्याच क्षणी पाठ करायचे पाढे निम्मे होतात. ठिपक्यांची रांगोळी काढता येत असेल तर तीही घ्या, सात बाय सातचे ठिपके काढताना दर ओळीला आतापर्यंत किती झाले ते म्हणत जायचं.

क्रम मी असा ठेवला: आधी २, १०, ५, कारण ते सोपे आहेत, मग ४ म्हणजे दोनची दुप्पट, मग ३ आणि त्याची दुप्पट ६, मग ९ म्हणजे दहापेक्षा एक गट कमी (परत एकोणच!), शेवटी ८ आणि ७. सात आठी छप्पन्न विसरलं तर चिंचोक्यांच्या आठ-आठच्या सात रांगा लावायच्या, पाच रांगांखाली पेन्सिल आडवी ठेवायची, वर चाळीस, खाली सोळा. पाढा विसरला तर तो बनवता येतो हे मुलाला कळलं की भीती जाते, आणि भीती गेली की पाठही लवकर होतो.

भागाकार दोन तऱ्हांनी दाखवा. बारा चिंचोके चार वाट्यांत एक-एक टाकत वाटायचे, प्रत्येकीत तीन. आणि बारा चिंचोके चार-चारचे गट करून उचलायचे, तीन गट. उत्तर तेच पण हाताची हालचाल वेगळी, आणि पुढे मोठे भागाकार करताना दुसरी तऱ्हा जास्त उपयोगी पडते. मध्येच तेरा देऊन बघा, एक उरेल, मूल म्हणेल ह्याचं काय करू.

अर्धं, पाव, चतकोर, पावणे

लाडू उरला असेल तर चौघांत तोडायचा. भाकरी, पोळी, घडी घातलेला कागद, काहीही चालेल. आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे, अर्धी भाकरी, चतकोर भाकरी, दीड वाटी, सव्वा वाटी, अडीच कप, पाव किलो. स्वयंपाक करताना मुद्दाम मोठ्याने म्हणा. वाटीने तांब्या भरायला लावा, आमच्या तांब्यात साडेपाच वाट्या मावतात आणि हे शोधून काढायला दोघांनी ओटा पूर्ण ओला केला होता.

लक्ष ठेवायचं ते दोन ठिकाणी. भाग सारखे असले पाहिजेत, 'मला मोठा अर्धा' हे चालत नाही. आणि पाव हा एक तृतीयांशापेक्षा लहान असतो, मुलांना चार मोठा म्हणून पाव मोठा वाटतो. सारख्या दोन पट्ट्या घेऊन एकीचे तीन आणि एकीचे चार भाग घडी घालून करा, शेजारी ठेवा, बोलायला लागत नाही.

घड्याळात पावणेचार अवघड जातं कारण ऐकू चार येतं आणि तासकाटा अजून चारला पोचलेला नसतो. हे एकोणतीससारखंच आहे, पुढचं नाव घेऊन त्यातून कमी करायचं. ज्याने काडी काढून एकोणतीस केलंय त्याला पुठ्ठ्याचं घड्याळ करून पाव तास मागे फिरवून दाखवलं की पटकन कळतं. दीड आणि अडीच हे वेगळे शब्द आहेत, साडेएक आणि साडेदोन म्हणत नाहीत, एवढं सांगून ठेवा.

रोज किती वेळ, कधी थांबायचं

पंधरा ते वीस मिनिटं, बास. आमचं संध्याकाळी खेळून आल्यावर, दूध पिऊन झालं की. आधी पाच मिनिटं कालचंच, जे येतं ते, मग दहा मिनिटं नवीन, शेवटी एक खेळ. मूल डोळे चोळायला लागलं, काड्यांचे किल्ले करायला लागलं की बंद. (किल्ले करायला सुरुवातीचे दोन दिवस मुद्दाम द्या, नाहीतर ती हौस धड्याच्या मध्ये बाहेर येते.)

उत्तर चुकलं की 'चूक' म्हणायच्या आधी 'दाखव कसं केलंस' म्हणा, आणि बरोबर आलं तरी तेच म्हणा, नाहीतर 'दाखव' म्हणजे चुकलं हे मुलं ओळखतात. दाखवताना निम्म्या वेळा ती स्वतःच चूक पकडतात. आणि काड्या आपण हलवायच्या नाहीत. हे मला सगळ्यात जड गेलं, हात शिवशिवतात, पण हात मांडीखाली ठेवून बसा.

शाळेत वेगळी रीत शिकवली असेल तर शाळेच्या विरोधात बोलू नका, 'तिथे असं लिहितात, काड्यांनी बघूया तसंच येतं का' म्हणा. बाईंशी बोलून ठेवलंत तर अजून चांगलं.

साहित्य सुटेल का ही काळजी सगळ्यांना असते. ते ओढून घ्यायचं नसतं. आधी काड्या समोर ठेवून विचारायचं, हात न लावता सांगता येतं का, मग करून तपास. मग काड्या डब्यात, डबा शेजारी, डोळे मिटून डोक्यात बंडलं मांड आणि सांग. लेकीला परवा ८४ वजा ३७ विचारलं, तिने डोळे मिटले, बोटांनी हवेत रबरबँड सोडल्यासारखं केलं आणि सत्तेचाळीस म्हणाली. डबा शेजारीच होता, आता धाकटा वापरतोय.